झिजलेले दात, नवी चेन

माझे सासरे माझ्याशी कधी थेट बोलत नसत. लग्नाला चार वर्षं झाली तरी "तिला सांग", "तिला इचार" असं सगळं सासूबाईंच्या मार्फत चालायचं. त्यामुळे गाडी विकायचा निर्णयही मला असाच कळला. ते ओट्यावर कपाळाला विभूती लावत बसले होते, मी दोन हातांच्या अंतरावर भांडी घासत होते, आणि ते सासूबाईंना म्हणाले, "घाटात रोज ढकलावी लागती ती गाडी कशाला ठिवायची? गिऱ्हाईक रविवारी येनार हाय. गाडी गेली की तिची शाळा बी बास झाली म्हनावं."

मी डोंगरातल्या एका वस्तीवर शिकवायला जायचे. आमच्या तेलगावहून घाट चढून जावं लागे आणि वेळेवर पोचवणारी एसटी नव्हती. नवरा रोज मोटारसायकलवर सोडायचा आणि परत येऊन आमच्या किराणा दुकानात बसायचा. माजलगावात तेव्हा चकचकीत नव्या गाड्यांची दुकानं निघाली होती. आमची मात्र तिसऱ्या हाताची. तिची चेन सैल पडली की स्टँडवरचा मिस्त्री एक कडी काढून टाकी. सगळ्या गावाची हीच रीत: कडी काढा, चेन ताठ. शेवटी काढायला कडीच उरली नाही तेव्हा नवऱ्याने नवी चेन टाकली. तरी घाटात ती कटकट करत उडायचीच. मग मी साडी खोचून गाडी ढकलायचे आणि घंटा होऊन गेल्यावर शाळेत पोचायचे.

शाळेत शिकवणं कायमचं सुटणार म्हणून मला रडू आलं नाही, राग आला. त्या रागातच शनिवारी दुपारी मी गाडीसमोर बसकण मारली. चेन ज्या दातेरी चाकावर फिरते, ते मागचं स्प्रॉकेट नीट पाहिलं. दात सगळे एका अंगाला कललेले, टोकाला पातळ. असे दात मी ओळखत होते. माहेरी आमची रसवंती होती. चरकाचं एक दातेरी चाक झिजलं की वडील जोडीचंही बदलत, कारण जुनं चाक नव्याला खातं.

नवरा म्हणाला, "चेन तर नवी हाय. तिला काय धाड भरली?"

"चेनीला काय बी झालं न्हाई. चाकं झिजलीत. पुढचं, मागचं आन् चेन, तिन्ही एकदम बदलायची."

तो तसाच एसटीने माजलगावला गेला आणि अख्खा चेनसेट घेऊन आला. अंगणात बसून आम्ही दोघांनी तो बसवला. नवरा गावच्या रीतीने चेन तारेसारखी ताणायला निघाला; पाकिटावरचं चित्र दाखवून मी दोन बोटं ढील ठेवायला लावली.

रविवारी गिऱ्हाईक आलं. मी सासूबाईंच्या कानाशी लागले, "इकायच्या आधी गाडी एकदा घाट चढवून बघा म्हनावं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चार वर्षं निरोप पोचवून त्याही कंटाळल्या असाव्यात. अंगाने त्या माझ्या दुप्पट. "मीच जाते," म्हणाल्या आणि पदर खोचून लेकाच्या मागे बसल्या. सासरे काही म्हणेपर्यंत गाडी वळणावर गेली होती.

मग ओट्यावर सासरे आणि गिऱ्हाईक, दारात मी. चहा झाला. "ढकलत येत असतील," सासरे गिऱ्हाइकाला म्हणाले. मी वळणाकडे कान लावून उभी होते.

तासाभराने गाडीचा आवाज आला. एकसारखा, कटकट नाही. सासूबाईंच्या ओच्यात सीताफळं होती, घाटाच्या माथ्यावरच्या झाडांची. ती त्यांनी सासऱ्यांपुढे ओतली. "एकदा बी उतरावं लागलं न्हाई," त्या म्हणाल्या. "हिची शाळा बी बगून आले. चांगली हाय."

लग्नाच्या दिवशीही मला एवढा आनंद झाला नव्हता. खोटं कशाला बोलू.

गिऱ्हाइकाने कप खाली ठेवला. "मग काका, किल्ली?"

सासऱ्यांनी एक सीताफळ उचललं, अंगठ्याने दाबून पाहिलं. मग मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई, उद्या शाळा कितीला हाय?"

"साडेधाला."

"मग नऊलाच निघा. उशीर होता कामा न्हाई."