न विचारलेला प्रश्न

काल ऑफिसात कुणीतरी संत्रं सोललं आणि त्या वासासरशी मी पुन्हा दहा वर्षांची झाले, फॅमिली कोर्टातल्या जजबाईंच्या खोलीत.

आईबाबा वेगळे झाले होते. समोरासमोर आले की भांडण ठरलेलं, आणि माझा ताबा दोघांनाही हवा होता. बाहेर बाकावर आई म्हणाली होती, "खरं काय ते सांग हं." बाबाही तेच म्हणाले होते.

जजबाईंनी सगळ्यांना बाहेरच थांबवलं. मला शेजारी बसवून संत्रं सोललं आणि निम्मं माझ्या हातावर ठेवलं.

"ताप आला की जवळ कोण बसतं? बाबांकडे काय आवडतं?"

मी बोलत सुटले. आईचं गणित शिकवणं, बाबांबरोबर पोहायला जाणं, सगळं सांगितलं. शेवटी मीच घाबरत विचारलं, "मला कुणाकडे राहायचंय, ते सांगू?"

"नको गं. ते ठरवणं माझं काम. तू संत्रं खा."

निकाल लागला. शाळेचे दिवस बिबवेवाडीत आईकडे, शनिवार-रविवार वारज्याला बाबांकडे. बाबांनी मला शुक्रवारी शाळेतूनच न्यायचं आणि सोमवारी शाळेतच सोडायचं. म्हणजे दोघांची गाठ पडायला नको, माझ्यासमोर भांडण नको. बाईंनी किती बारकाईने विचार केला होता, ते आता कळतं.

त्या दिवशी मी खोलीबाहेर आले, तेव्हा दोघांनी एकदमच विचारलं, "कुणाचं नाव घेतलंस?"

"कुणाचंच नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. म्हणूनच आजही मी दोघांच्याही घरी मोकळ्या मनाने जाते.