सुट्टीतला फळा

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्रिवेणीबाई शिपाई आहेत. काचीगुड्याहून बसने येतात आणि दाराशेजारच्या फळ्यावर रोज व्याख्यानांच्या सूचना लिहितात. मे महिन्यात मुलं घरी जातात, सूचना संपतात, पण बाईंचा खडू काही थांबत नाही. मग त्या हिंदीत बातम्या लिहितात: तळ्याची चौथी पायरी उघडी पडली. मोर आता कॅन्टीनच्या नळावर पाणी प्यायला येतो. काल रसायनशास्त्राच्या गच्चीवर घटकाभर ढगाची सावली होती.

"अहो, वाचतंय कोण इथे?" मी दरवर्षी करवादतो.

त्या खडूचे हात पदराला पुसतात. "घडलंय ना? मग लिहायला नको?"

परवा त्या भाचीच्या लग्नाला नांदेडला गेल्या. फळा कोराच राहिला. दुपारी सगळं आवार उन्हात तरंगत होतं. त्या उन्हातून गेटवरचा वॉचमन यादगिरी घामाघूम होऊन आला, फळ्यासमोर थबकला आणि काळजीनं मला विचारू लागला, "साब, आज अपने यहाँ कुछ हुआच नै क्या?"

मी आतून खडू आणला आणि लिहिलं: आज यादगिरी फळा वाचायला आला.