खाच कुठल्या बाजूला

प्रयोगशाळेत सगळे त्यांना काकू म्हणत, अगदी त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठे असलेले सरही. काकूंनी कधी हरकत घेतली नाही. कामाच्या वेळी तोंड उघडलं की समोरचे काप श्वासानेही हलतात, त्यामुळे गप्प राहणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

काकूंचं काम उंदरांचे मेंदू कापण्याचं. गोठवलेल्या मेंदूचे पुढचा आणि मागचा असे दोन तुकडे करायचे, एकेक तुकडा यंत्रावर चिकटवायचा, केसाहून पातळ काप काढायचे आणि ब्रशने अलगद उचलून ओळीने पाण्यात सोडायचे. पाण्यात काप पलटी खाल्ला, की डावं कुठलं आणि उजवं कुठलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. म्हणून यंत्रावर चिकटवण्याआधीच प्रत्येक तुकड्याच्या उजव्या कडेला सुईने बारीक खाच पाडायची. बावीस वर्षांत काकूंची खाच चुकली नव्हती. चार महिन्यांनी निवृत्त होताना हा लौकिक पदरात घेऊन जायचा, एवढीच त्यांची हौस.

गंमत म्हणजे इतके मेंदू कापूनही आत काय दिसतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. काचपट्टीवर काप बसला की त्यांची हद्द संपली. त्या सोमवारी मात्र शेजारच्या खोलीतली संशोधक मुलगी त्यांना हाताला धरून मायक्रोस्कोपपाशी घेऊनच गेली. ही पोरगी तीन वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागली होती. मेंदूत जाग राखणाऱ्या मूठभर पेशी असतात. त्यांना ‘जागे राहा’ म्हणून निरोप कोण धाडतं? तिने तीन उंदरांच्या मेंदूत डाव्या बाजूच्या त्या पेशींत एक माणसाळवलेला विषाणू सोडला होता. तो उलट्या वाटेने जातो, थेट निरोप धाडणाऱ्या पेशींना तांबडा रंग देतो आणि तिथेच थांबतो.

काकूंनी डोळा लावला. काळोखात एक तांबडा ठिपका, मग दुसरा, मग मोजता येईनात इतके. मुलगी काचपट्ट्या सरकवत सांगत होती, हे भुकेकडचे, हे भीतीकडचे, हे वासाचे. काकू आजवर समजत होत्या की जाग म्हणजे दिव्याचं बटण, दाबलं की लागलं. इथे तर एवढेसे प्राणी, आणि त्यांना जागं ठेवायला डोक्याच्या कानाकोपऱ्यातून हाका चाललेल्या. त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. हे सगळं बावीस वर्षं आपल्या ब्रशच्या टोकावर होतं आणि आपल्याला पत्ताही नव्हता, असं त्यांना वाटलं.

खरी बातमी तर पुढेच होती. मेंदूच्या मागच्या तुकड्यात विषाणू डावीकडे सोडलेला, पण पुढच्या तुकड्यात ठिपके जवळजवळ सगळे उजवीकडे. तिन्ही उंदरांत तसंच. म्हणजे निरोप मेंदू ओलांडून येतात, आणि हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. गुरुवारी ती हे सगळ्यांपुढे मांडणार होती. सरांना आधी पटलं नव्हतं, पण खाच काकूंची आहे म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली.

काकूंनी पुन्हा डोळा लावला, या वेळी कडेला. खाच तिरपी होती. त्यांची खाच सरळच असते. तिरपी पडते ती तुकडा यंत्रावर चिकटवल्यानंतर सुई मारली तरच. आणि पुढचा तुकडा यंत्रावर तोंड फिरवून बसतो, तिथे समोरून उजवं दिसतं ते असतं डावं. हे मेंदू कधी कापले, हे त्यांनी विचारलं. मुलीने तारीख सांगितली आणि काकूंना तो दिवस लख्ख आठवला. त्या दिवशी लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. फोन सारखा वाजत होता, खाच आधी पाडायची राहिली, आणि चिकटवल्यावर घाईत पाडली.

गप्प राहिलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं. गुरुवार दणक्यात झाला असता, आणि काकू ताठ मानेने घरी गेल्या असत्या. पण नजर त्या ठिपक्यांवरून हटेना. इतकी नेमकी मांडणी, आणि तिच्यावर आपल्या हाताचं खोटं ठेवून जायचं, हे त्यांच्याच्याने होईना.

“पोरी, खाच उलट्या बाजूला आहे,” त्या म्हणाल्या. “निरोप ओलांडत नाहीत. मी चुकले.”

मुलीने हळूच विचारलं, “तिन्ही?”

“तिन्ही. एकाच दिवशी कापलेत.”

मुलीचे डोळे भरून आले. गुरुवार तर हातचा गेलाच होता. काकू तशाच उठून सरांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगून आल्या. परत येऊन त्यांनी पेन मागून घेतलं. पुढच्या तुकड्यांच्या एकशे चाळीस काचपट्ट्यांवर खाचेची बाजू म्हणून लिहिलेलं ‘उजवी’ खोडून ‘डावी’ लिहायचं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला करू द्यायला त्या तयार नव्हत्या. खोडण्याआधी प्रत्येक पट्टी त्या मायक्रोस्कोपखाली धरून पाहत. शंभराव्या पट्टीलाही अंगावर काटा येतच होता, आणि त्या नादात शरमेने मान खाली घालायचं राहूनच गेलं.