होल्स्टरची पूजा

माझ्या फजितीची गोष्ट तुम्ही दुसऱ्या कुणाकडून ऐकली असेल, तर त्यात रक्त होतं, अँब्युलन्स होती आणि शेवटी मी गेले होते. मेलबर्नच्या मराठी मंडळींत गोष्ट शहराच्या एका टोकाच्या टार्निटहून दुसऱ्या टोकाच्या ग्लेन वेव्हर्लीला पोचेपर्यंत एवढं व्हायचंच. तेव्हा चहा घ्या आणि खरं काय ते माझ्याकडूनच ऐका. रक्त नव्हतं. अँब्युलन्स होती, पण ती माझ्या कामी आली नाही.

लग्न होऊन मी क्रेगीबर्नला आले, तेव्हा विद्यार्थ्यांची लाट ऐन भरात होती. जो तो इथे स्वयंपाक नाहीतर केस कापायला शिकायला आलेला. माझा नवरा निखिल त्यातलाच. कुकरीचा डिप्लोमा घेऊन पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी झाला आणि वेअरहाऊसमध्ये शिफ्टला जायला लागला. घरी चहासुद्धा मीच करते. डिप्लोमा भिंतीवर आहे.

तर निखिल शिफ्टला, मी घरात, आणि शेजारी डेनिस. डेनिसने आयुष्यभर शाळेची बस चालवली होती आणि आता ती पिस्तूल क्लबात जायची. एकदा कुंपणावरून म्हणाली, "कम अलाँग, लव्ह." मला नाही म्हणता येत नाही. माझ्या लग्नाचं रहस्यही तेच.

निखिलला हसू आवरेना. "तू? कुकरची शिट्टी झाली तरी दचकतेस."

दचकायचेच. पण पिस्तूल ही शिट्टीपेक्षा बरी गोष्ट. ती वाजणार हे आधी माहीत असतं. पोलिसांच्या तपासण्या झाल्या, उमेदवारी सुरू झाली. माझ्या गोळ्या आधी मागच्या मातीच्या बांधाला लागायच्या, मग कागदाला, मग कागदावरच्या काळ्या वर्तुळाला. निखिल हळूहळू हसायचा थांबला.

पुढची पायरी होल्स्टरची. होल्स्टर म्हणजे पिस्तुलाचं म्यान, कमरेला लावायचं. परीक्षा पास झाल्याशिवाय ते लावून नेमबाजी करता येत नाही. दुकानातली होल्स्टरं मला लावली की घोड्याचं खोगीर शेळीवर टाकल्यासारखी दिसायची. म्हणून डेनिसच्या शेडमध्ये मी स्वतःच शिवायला बसले. चामडं कापायचं, भिजवायचं, क्लबात नेऊन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या पिस्तुलावर दाबून बसवायचं, वाळलं की आरीनं भोकं पाडून मेणाच्या दोऱ्यानं शिवायचं. पहिलं झालं ते डावखुऱ्या माणसाचं. दुसऱ्यात पिस्तूल आत जायचं, बाहेर यायचं नाही, आमच्याकडे 'दोन दिवसांसाठी' उतरणाऱ्या विद्यार्थ्यांसारखं. तिसरं मात्र असं जमलं, की मी ते उशाशी घेऊन झोपले.

परीक्षेत मी एकदा नापास झाले होते, पण हातामुळे नाही. आवाजामुळे. रेंजवर कुठेही धोका दिसला, तर कुणीही 'स्टॉप' ओरडायचं आणि सगळ्यांनी जागच्या जागी थिजायचं. प्रत्येकाच्या कानांवर आवाज अडवणारे मफ, त्यामुळे ओरडणं खणखणीत हवं. परीक्षक ग्रॅहमने मला ओरडायला सांगितलं. मी ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "व्हेनेव्हर यू आर रेडी, लव्ह." माझं ओरडून झालं होतं हो!

तर दुसरी परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आली. हीही हुकली असती तर उमेदवारी पुन्हा पहिल्यापासून. आणि आदल्या दिवशी पुण्याहून सासूबाईंचा फोन.

"घरातली हत्यारं पूज हो. नुसता लॅपटॉप नको पुजूस."

त्यांना वाटत होतं, मी पर्स करायच्या क्लासला जाते. मी निमूटपणे पाटावर सुरी मांडली, कात्री मांडली, घरी उतरलेल्या विद्यार्थ्यांनी टॅक्सीची किल्ली आणून ठेवली. मग माझी आरी. मग होल्स्टर. आता शस्त्र तर क्लबच्या तिजोरीत. घरी नुसतं म्यान. मग माझ्या सुपीक डोक्यात विचार आला, की शस्त्र राहतं आत, तर हळदकुंकू बाहेर वाहून काय उपयोग? म्हणून आत वाहिलं. लाल अक्षताही आत. पहिलंच जमलेलं होल्स्टर, म्हणून जरा सढळ हातानं.

सकाळी उलटं करून झटकलं. धुवायची सोय नाही, चामडं भिजलं की आकार गेला. म्हटलं, राहिलं असेल चिमूटभर, तेवढाच आशीर्वाद.

रेंजवर ऊन मी म्हणत होतं. निखिल मला सोडायला आला होता आणि गाडीत क्रिकेट ऐकत बसला होता. मी घामाघूम. पिस्तूल होल्स्टरमध्ये घातलं, काढलं, घातलं, तळहात पँटला पुसला, कपाळ पुसलं, आणि ग्रॅहमच्या इशाऱ्यावर पिस्तूल काढून गोळी झाडली. वर्तुळाच्या मधोमध! कौतुकासाठी मी वळून पाहिलं.

ग्रॅहमचा चेहरा पांढराफटक.

मी खाली पाहिलं. हात लाल. मांडी लाल. कपाळाचं मला दिसत नव्हतं, पण त्याला दिसत होतं. आणि नुकताच बार झालेला. तुम्ही काय समजला असता?

पुढचं फार शिस्तीत झालं. ग्रॅहम 'स्टॉप' ओरडला, त्यानं पिस्तूल काढून घेतलं, मला आडवं केलं, पाय उचलून कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीवर ठेवले, कुणी अँब्युलन्सला फोन लावला. मी म्हणत होते, "इट्स ओन्ली पावडर." माझ्या नेहमीच्या आवाजात. मफ घातलेल्या माणसांना. ग्रॅहमला नुसते माझे ओठ हलताना दिसले. तो माझा हात धरून म्हणाला, "डोंट ट्राय टू टॉक." आजवर मला एवढा अनावश्यक सल्ला कुणी दिला नव्हता.

खरं सांगू? क्षणभर मी ठरवलंही, की आता जखमीच व्हावं. कशाला एवढ्या लोकांचा विरस करा?

तेवढ्यात डेनिस धावत आली. हातात तिची चामडं कापायची कात्री. जखम शोधायला ती माझी पँट कमरेपासून कापायला निघाली होती, अख्ख्या क्लबासमोर.

"स्टॉप!"

रेंज थिजली. शेजारची रेंजही थिजली. कुंपणापलीकडच्या कुरणातल्या गाईनं चरणं थांबवलं. कात्री हवेत तशीच. गाडीतून निखिल धावत आला, माझ्याकडे पाहिलं, "बापरे" म्हणाला आणि उभ्याचा आडवा झाला.

मी उठून बसले आणि दसरा समजावून सांगितला. ग्रॅहमने मफ काढला, माझं होल्स्टर तळहातावर उलटं करून ठोकलं. लाल तांदूळ पडले. त्यातला एक दाणा त्यानं चिमटीत धरून उन्हात पाहिला.

"लंच?" त्यानं विचारलं.

अँब्युलन्सवाल्यांनी निखिलला तपासलं, साखरेचं पाणी पाजलं. कुणी उचललं नसतं तर कुंकवानंच मेला असता बिचारा. ग्रॅहमने मला आवाजात पास केलं, म्हणाला, असा 'स्टॉप' त्यानं अजून ऐकला नव्हता. काढण्याघालण्याची परीक्षा मात्र पुढच्या महिन्यात, स्वच्छ होल्स्टर घालून. तीही झाली पास. सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं, तर पिस्तुलाबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अक्षता आत कोण टाकतं गं?"

क्लबच्या दारावर नियमांची पाटी आहे. दारू पिऊन येऊ नये, भरलेलं पिस्तूल आणू नये, वगैरे. त्याखाली आता ताज्या रंगात एक ओळ वाढली आहे: होल्स्टरमध्ये तांदूळ ठेवू नयेत.

परवा नाशिकचा एक नवा मुलगा दाखल झाला. पाटी वाचून खो खो हसला आणि मला म्हणाला, "ताई, असला वेडेपणा कुणी केला असेल हो?"

ज्या गळ्यानं गाय थांबवली होती, त्या गळ्यातून जेमतेम आवाज निघाला.

"काय माहीत," मी म्हटलं. "पंजाबी असेल कुणीतरी."