बांग दिली म्हणजे बाप झाला नाही

सन दोन हजार सहा. मी चोपन्न वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंत. पण कोंबड्यांतलं मले शिकवावं असा माणूस तेल्हाऱ्याच्या अवतीभवती नाही, असं मी छाती काढून सांगत होतो.

कापसानं त्या साली काही ठेवलं नव्हतं. घर चालत होतं बायकोच्या गावठी कोंबड्यांवर. ती खुडूक कोंबडीखाली अंडी बसवे, पिल्लं वाढवून बाजारात नेई. दिवाळीनंतर मात्र पिल्लं निघेनात. अंडं फोडलं की आत नुसतं पिवळं पाणी. कोंबड्या भाकड झाल्या, असं मी ठरवून टाकलं आणि परवा येऊन सगळ्या घेऊन जा, असा खाटकाले सांगावा धाडला. बायको जेवली नाही. "माह्या हातच्या हायेत त्या," एवढंच म्हणाली. मी ऐकणारा थोडाच.

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून एक जनावरांची डॉक्टरीण आली. पोरगीच होती, अजून शिकून राहिली होती. तिले वेगवेगळ्या वयाचे नर पाहिजे होते. मी माझे चार पठ्ठे, त्याच साली वाढलेले तरणे कोंबडे, दाखवले. हेच कळपाचे बाप, पहाटेपासून बांग देतात, म्हणालो. मोठा कोंबडा कुठं, तिनं विचारलं. तो वेगळ्या खुराड्यात, पायात लाल दोरा. पोळ्याच्या सुमारास मी तापानं आडवा झालो होतो, तेव्हा बायकोनं माझ्या जिवासाठी तो म्हसोबाले बोलला होता. नवसाचा कोंबडा आम्ही कळपात सोडत नाही.

मले विचारून तिनं एक पठ्ठा बाभळीखाली कापला. पाठीच्या आतून दोन पांढुरके दाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले. तांदळाएवढे. हे कोंबड्याचे वृषण, जाणत्या कोंबड्यात हेच खारकेएवढे असतात, म्हणाली.

मी म्हणालो, "पन बाई, थो बांग देते. तुरा लाल हाये."

"काका, तुऱ्याला आणि बांगेला थोडक्यात भागतं. बी धरायचं म्हणजे डोक्यातून निघालेला निरोप रक्तातून या दाण्यांपर्यंत यायला हवा, आणि तो ऐकायला यांना कान हवेत. ते कान हळूहळू उगवतात. कोणत्या वयात किती उगवले, तेच मी मोजते आहे. तुमच्या कोंबड्या चांगल्या आहेत. ही पोरं अजून बहिरी आहेत."

ती हसली नाही. माझ्यासारख्या हेकट माणसाले तिनं त्याच्याच अंगणात खाली पाहायला लावलं नाही. एवढ्यासाठी मी आजही तिले दुवा देतो.

संध्याकाळी खाटकाले येऊ नको म्हणून निरोप गेला. राहिला देवाचा कोंबडा, कळपाचा बाप व्हायले जाणता असा तोच एक. त्याले हात लावायची माझी छाती होईना. नवस जिवाचा होता, तोही माझ्याच.

बायको चुलीपुढून म्हणाली, "देवाले चैतापर्यंत मुदत मागा. थो काई खाटीक नाई, परवा येतो म्हनाले."

जिनं माझा जीव मागून घेतला, तिनंच हेही सांगितलं. मी पहिल्यांदाच तिचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हसोबाले नारळ फोडला, मुदत मागितली, घरी येऊन कोंबड्याच्या पायातला लाल दोरा सोडला आणि त्याले कळपात सोडून दिलं.