डोक्यासकट फोटो

आमच्या स्टुडिओच्या बोर्डावर क्रिएटिव्ह, डिजिटल आणि मीडिया असे तीन शब्द आहेत, आणि धाराशिवात कुणालाही विचारा, तिन्हींचा अर्थ तो एकच सांगेल: फोटोवाले. मी तिथं डिझायनर आहे. म्हणजे पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर करते, लग्नातल्या रील कापते, आणि मेलेल्या माणसांना चांगले कपडे घालते. हे शेवटचं काम बोर्डावर लिहिलेलं नाही, पण सगळ्यात जास्त तेच येतं.

माणूस गेलं की घरच्यांच्या ध्यानात येतं, धड फोटोच नाही. मग आधार कार्डावरचा, नाहीतर कुणाच्या तरी हळदीत मागं उभा असलेला चेहरा व्हॉट्सॲपवर येतो. खाली लिहिलेलं असतं, 'ताई, तेराव्याला पाहिजे, मोठा.' आम्ही तो चेहरा कापतो आणि तयार अंगावर बसवतो. पुरुषांसाठी कोट आहे, सफारी आहे, फेटा-धोतर आहे. बायकांसाठी सुरुवातीला इंटरनेटवरची अंगं घेतली होती, ती लोकांना पटेनात. एक जण तर चिडलाच. "अहो, आमची आई शेठाणी नव्हती, खुरपायला जात होती." त्याचं बरोबरच होतं. तेव्हा आमचे मालक, त्यांना आम्ही सर म्हणतो, मला म्हणाले, "कुणाची तरी खरी आई आण."

मी माझी आणली. आई जांभळं इरकल नेसून आली. प्लास्टिकच्या खुर्चीत बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि कॅमेरा आता काहीतरी विचारणार अशा तयारीनं त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे, लहानपणी दारात चेमटली होती. मी म्हटलं, कॉम्प्युटरवर सरळ करून टाकू. सर म्हणाले, "राहू दे गं, खरं वाटतं." चहा पिऊन आई घरी गेली आणि तिचं अंग आमच्याकडं राहिलं. फाइलचं नाव 'आजी एक'. गिऱ्हाइकाला विचारून साडीचा रंग बदलायचा, बांगड्या ठेवायच्या की काढायच्या ते विचारायचं, झालं काम. लोकांना ते अंग इतकं आवडलं की दुसरं काढायची वेळच आली नाही.

खरं सांगते, मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. दिवसभर ते हात समोर असायचे आणि ते आईचे आहेत हे मी विसरूनही गेले होते.

सास्तूरला आईची मावसबहीण असते. तिची सासू वारली, म्हणून तेरावं झाल्यावर आम्ही दोघी भेटायला गेलो. बैठकीत खुर्चीवर फोटो मांडला होता. हार, समोर निरांजन, उदबत्ती. मी चेहरा बघितला आणि ओळखला. हा चेहरा मीच कापला होता! कुणाचा, कुठला, काही बघितलं नव्हतं, आम्ही कधीच बघत नाही. आणि त्याच्या खाली माझी आई बसली होती, हिरव्या साडीत, हात गुडघ्यांवर ठेवून.

मी आईकडं बघायचं टाळलं. म्हटलं, तिला काय कळतंय, चष्मा तरी कुठं लावलाय. तेवढ्यात मावशीचे मालक, गेलेल्या बाईंचा मुलगा, फोटोजवळ गेले.

"बघा ताई," ते आईला म्हणाले, "हात बघा आमच्या आईचे. जसेच्या तसे आलेत. ही करंगळीसुदिक." आणि त्यांनी काचेवरून त्या वाकड्या करंगळीवर बोट फिरवलं. त्यांचे डोळे भरून आले. "ह्याच हातानं जेवलो म्या."

मावशी बाजूला उभी होती. ती म्हणाली, "व्हय, आत्याबाईंची व्हती जरा वाकडी."

होती? खरंच होती? की फोटो घरात आल्यापासून झाली होती? मला काही कळेना. माणूस रडतोय ते खोटं नाही, हात खोटे नाहीत, फोटोही चांगलाच झालाय, मग ह्यात खोटं नेमकं कुठं आहे? मी मान खाली घातली. आईनं डावा हात हळूच पदराखाली घेतला. जेवून निघेपर्यंत तो तिनं बाहेर काढला नाही. उजव्या हातानंच सगळं केलं, मावशीला कुंकूसुद्धा तसंच लावलं.

एसटीत बसलो. लोहारा मागं पडलं. मी म्हटलं, "आई, चिडलीस का?"

"मीच व्हती की गं ती."

"व्हय."

"माझ्या अंगावर हार घातला त्यांनी. अजून किती जणांच्या घरात हाय मी?"

"लई घरांत," मी म्हटलं.

मला वाटलं आता ती ओरडेल, रडेल, कामावर जाऊ नको म्हणेल. ह्यातलं काहीच नाही. तिनं विचारलं, "मग माझं डोकं काय केलंस?"

मी आपलं म्हटलं, "आहे की स्टुडिओत." आणि म्हणताक्षणीच मला शंका आली.

दुसऱ्या दिवशी गेल्या गेल्या कॉम्प्युटर धुंडाळला. अंग होतं, त्याचे सगळे रंग होते, बांगड्यांचे आणि बिनबांगड्यांचे. डोकं नव्हतं. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "डोक्याचं आपल्याला काय काम होतं? मधी कॉम्प्युटर फॉरमॅट मारला तेव्हा गेलं असेल." ते बोलले त्यात वावगं काही नव्हतं, तरी मला इतका राग आला की मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. मग मोबाईल बघितला. त्यात बॅनर, नवरदेव, पुढारी, माझे स्वतःचे पन्नास प्रकारचे चेहरे. आई होती, पण कुठं भाकरी थापताना पाठमोरी, कुठं कुणाच्या खांद्याआड अर्धी. मोठा करावा असा एक फोटो नव्हता. मी फोटोवाली!

त्याच दुपारी जळकोटचा एक माणूस आला, आई गेलेली, हातात आधार कार्ड. 'आजी एक' उघडलं आणि माझा हात चालेना. मी त्याला इंटरनेटवरची अंगं दाखवली. त्याला ती नको होती. "आमच्या शेजारच्यांनी केलंय तसलं करा," म्हणाला. कसलं ते मला माहीत होतं. मी उठले आणि सरांना म्हटलं, हे तुम्ही करा. त्यांनी कारण विचारलं. पाप म्हणावं तर कुणाचं नुकसान झालं? चांगलं म्हणावं तर घरी आई ते जांभळं इरकल ट्रंकेच्या तळाशी घालून बसली होती. हात जड झाल्यागत वाटतंय म्हणायची, आणि संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आधी विचारायची, "सापडलं का?" मी म्हणायची, "बघते." मला तिला सांगायची भीती वाटत होती.

तिला कळलंच असणार. एका दुपारी ती स्वतःच स्टुडिओच्या पायऱ्या चढून आली, धापा टाकत, साधी घरातली साडी नेसून.

"फोटो काढ माझा," म्हणाली. "डोक्यासकट."

सर काहीतरी बोलणार होते, पण तिचा चेहरा बघून त्यांनीच खुर्ची सरकवली. मी लाइट लावले. आई बसली, पदर नीट केला आणि सवयीनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग खाली बघितलं आणि विस्तव लागल्यागत उचलले.

"न्हाय, असं मेलेली बसत्यात."

मांडीवर ठेवून बघितले, उचलले. पदरात घेतले, काढले. मी कॅमेरा धरून उभी. मग तिनं दोन्ही तळवे स्वतःच्या गालांवर ठेवले, घट्ट. वाकडी करंगळी कानाजवळ आली. कितीतरी दिवसांनी ती हसली.

"आता काढ," आई म्हणाली. "आणि कुठनं कापतीस ते बघू."