अक्कांची सूट

“आणि काय म्हणायचे?”

हनुवटीखाली मूठ टेकवून, काउंटरवर जरा पुढं झुकून अक्का हे विचारायच्या, आणि समोरचा माणूस गडबडायचा. तो आलेला असायचा सूट मागायला. असा प्रश्न येईल याची त्यानं तयारी केलेली नसायची.

सोलापुरात भवानी पेठेतलं आमचं दुकान फ्लेक्स आणि बोर्ड छापण्याचं. अशी दुकानं तुम्हीही पाहिली असतील. वाढदिवसाचा चेहरा आणि निधनाचा चेहरा एकाच मशीनमधून पाठोपाठ बाहेर येतो. पण आमचा खरा धंदा रस्त्यावरच्या गिऱ्हाइकावर नव्हता, डीलरवर होता. डीलर म्हणजे फार मोठे कुणी नव्हेत. कुंभारीचा पेंटर, अक्कलकोटचा झेरॉक्सवाला, असे लोक. आपल्या गावात ऑर्डर घ्यायची, आमच्याकडून छापून न्यायची आणि मधलं काय सुटेल ते आपलं. त्यांना साध्या गिऱ्हाइकापेक्षा कमी रेट लावावा लागतो. किती कमी, तिथंच सगळी गोम असते. जास्त सोडलं तर शाईचे पैसेही निघत नाहीत, आणि कमी सोडलं तर डीलर पलीकडच्या गल्लीत जातो.

मालक होते तोवर हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. कुणाला किती सोडायचं ते त्यांच्या डोक्यात असायचं. मग एका उन्हाळ्यात छातीत कळ आली आणि ते गेले. त्यांच्याबरोबर दुकानाचे सगळे रेटही गेले.

महिन्याभरानं अक्का दुकानात येऊन बसल्या. अक्का म्हणजे मालकीणबाई, मालकांच्या घरच्या. तोवर त्या दुकानात आल्या असतील तर फक्त दसऱ्याला, मशीनच्या पूजेला. मी डिझाइनला बसायचो. मला त्या ‘तम्मा’ म्हणायच्या, धाकटा भाऊ. माहेर कर्नाटकातलं, त्यामुळं चिडल्या की कन्नड आणि माया आली की मराठी, असा त्यांचा हिशेब होता.

पहिल्याच आठवड्यात डीलर एकामागून एक हजर झाले. जो तो म्हणायला लागला, मालक मला एवढे टक्के सोडायचे. एकाचे वीस, तर दुसऱ्याचे तीस. माझं डोकं तापायचं. मी अक्कांच्या कानाशी लागायचो, “खोटं बोलायलाय हा.” त्या माझ्याकडं बघायच्याही नाहीत. डीलरला म्हणायच्या, “बरं. एवढे टक्के सोडायचे. आणि काय म्हणायचे?”

कुंभारीचा पेंटर डोकं खाजवत म्हणाला, “काय म्हणायचे म्हणजे... मला शिव्या द्यायचे की. ‘शुभेच्छुक’ लिवताना माजा उकार चुकायचा. निम्मा फ्लेक्स छापून झाला तरी मशीन बंद करायचे आन् म्हणायचे, गावात तुजी न्हाय, माजी लाज जाती. परत छापून द्यायचे, पैसे घ्यायचे न्हाईत.”

अक्का हसल्या. “घरात बी असंच. पत्रिका आली की आधी चुका बघायचे, मग तारीख.” आणि पेंटरनं मागितली तेवढी सूट लावली.

अक्कलकोटचा झेरॉक्सवाला म्हणाला, मशीन चालू असलं की मालक हळू आवाजात कन्नड गाणी म्हणायचे.

“ते? गाणी?” अक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. खरं होतं ते. मशीनच्या घरघरीत कुणाला ऐकू जात नाही असं मालकांना वाटायचं. अक्का बराच वेळ बिलबुकाशी चाळा करत राहिल्या. त्या झेरॉक्सवाल्याला त्यांनी त्यानं मागितल्यापेक्षा जास्त सूट दिली. तो बिचारा दोनदा वळून बघत गेला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, इथं काय चाललंय ते. मालक दुकानात बोलका माणूस, पण घरी गेला की जेवायचा, पेपर वाचायचा आणि झोपायचा. अक्कांनी सगळा संसार त्या पेपरच्या मागच्या पानाकडं बघत केलेला. आता माणूस गेल्यावर त्या त्याची ओळख करून घेत होत्या, आणि ओळख करून देणाऱ्याला टक्के मोजत होत्या.

बातमी पसरायला किती वेळ लागतो? डीलर गोष्टी जुळवून आणायला लागले. एकजण तर असा आला, ज्यानं मालकांचं तोंडही बघितलं नव्हतं. म्हणाला, “मालक मला धाकटा भाऊ मानायचे. खांद्यावर हात टाकून बोलायचे.”

अक्का शांतपणे म्हणाल्या, “सख्ख्या भावाच्या खांद्यावर कधी हात टाकला न्हाई त्यांनी. पण तू बोललास मन लावून. पाच टक्के लाव रे ह्याला, तम्मा.”

“अक्का, अहो हा पक्का लबाड हाय.”

“असू दे की. तेवढा येळ त्यांचंच बोलणं झालं न्हवं?”

शाई महागली होती, फ्लेक्सचे रोल महागले होते, आणि आमच्या दुकानात गोष्टींवर सूट चालली होती. एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यांची कामं होती म्हणून दिवस निघत होते. शेवटी माझ्याच्यानं राहवेना. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो.

“अक्का, राग मानू नका. पण असं चाललं तर वर्षभरात शटर पडतंय बघा. सगळ्या डीलरना एकच रेट लावा. जास्त माल नेईल त्याला जरा जास्त सूट. बास.”

“लावते की,” त्या म्हणाल्या. “एक कळायचं राहिलंय, ते कळलं की लावते.”

“काय राहिलंय?”

त्यांनी पदर नीट केला, काउंटरवरची, फ्लेक्सच्या कोपऱ्यांत ठोकायच्या आयलेटच्या कड्यांची डबी उचलली, पुन्हा ठेवली. “एवढी माणसं येऊन गेली. कुणाला शिव्या दिल्या, कुणाला च्या पाजला, सगळं कळलं. माजं नाव एकानं सुदिक काढलं न्हाई. दिवसभर हितं असायचे. बायकोबद्दल काय तरी, एकदा तरी बोलले असतील की न्हाई? वाईट बोलले असले तरी चालंल मला.”

खोटं बोलणं सोपं होतं. माझ्या जागी तो लबाड असता तर त्यानं पाच मिनिटांत दहा वाक्यं रचली असती. पण इतकी वर्षं शेजारी बसलेल्या माणसाच्या नावावर माझ्यानं खोटं बोलवेना.

“न्हाई बोलले, अक्का,” मी म्हणालो. “माझ्यासमोर तरी कधीच न्हाई.”

त्यांनी मान हलवली. त्यांचा चेहरा असा काही झाला, की काहीतरी बोलायलाच हवं म्हणून मी बोललो. खरं तर ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असं मला तोवर कधी वाटलंच नव्हतं.

“एक मात्र व्हायचं. जेवताना भाजी ते सगळ्यांच्या मधे ठेवायचे. माझ्या भाकरीवर स्वतः वाढायचे. पण शेंगाच्या चटणीची ती छोटी डबी होती बघा तुमची, ती कुणाला द्यायचे न्हाईत.”

अक्कांचे हात थांबले.

“म्हणजे कसं?”

“पाठ करायचे आमच्याकडं. तिकडं भिंतीकडं तोंड करून खायचे, एकटेच. एकदा मी हात पुढं केला तर डबीवर पंजा ठेवला. म्हणाले, भाजी सगळी घे, ह्यातलं मिळायचं न्हाई. अख्ख्या सोलापूरला सूट देणारा माणूस, अक्का, पण त्या चटणीत बोटभर सूट न्हाई दिली कधी.”

“कुणालाच?”

“कुणालाच न्हाई.”

“डबा धुऊन आणायचे ओ,” अक्का म्हणाल्या. “रोज, चकचकीत. कधी बरी झाली म्हणले न्हाईत, का खारट झाली म्हणले न्हाईत. मी म्हणायची, टाकून देत असतील, न्हाईतर कुणाला तरी वाटत असतील.” आणि त्या हसायला लागल्या. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पदर तोंडाशी धरला तरी हसू थांबेना. मलाही हसू आलं, आणि मग माझंही काही खरं राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून डीलरच्या रेटचा बोर्ड करून घेतला आणि काउंटरच्या वर ठोकला. गोष्ट घेऊन येणाऱ्याला त्या म्हणायच्या, “सांग की, ऐकते. पण रेट त्योच.” डीलर माझ्यावर लई चिडले. त्यांना वाटलं, मी काहीतरी काडी केली.

पुढं अक्कांचे गुडघे गेले, मग मूत्रपिंडाचं दुखणं निघालं. दुकान त्यांच्या सूनबाई बघायला लागल्या, आणि चांगलं बघतात. मी आठवड्यातून एकदा संध्याकाळी अक्कांना भेटून यायचो. मी दिसलो की त्या खोलीत असेल त्याला म्हणायच्या, “ह्यानं बघितलंय. हा तितं होता.” आणि मला म्हणायच्या, “सांग की.” मी ती चटणीची गोष्ट सूनबाईंना सांगितली, अक्कांच्या माहेरच्या बहिणीला सांगितली, सलाइन बदलायला येणाऱ्या नर्सला सांगितली. त्या प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघत राहायच्या.

शेवटचा गेलो तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं. आवाज अगदी बारीक झाला होता. मी स्टूल ओढून बसलो, पाण्याचं विचारलं. त्यांनी हातानंच नको म्हणून सांगितलं.

“सांग की,” म्हणाल्या.

ऐकणारं कुणीच नव्हतं. मी त्यांनाच सांगायला लागलो. मालक डबा उघडायचे, भाजी मधे ठेवायचे, मग ती छोटी डबी उघडायचे आणि पाठ करून...

“न्हाई,” डोळे मिटलेले असतानाच अक्का म्हणाल्या. “आदी पाठ करायचे. मग डबी उघडायचे.”

“व्हय अक्का,” मी म्हणालो. “आधी पाठ करायचे.”